व्हायकिंगांच्या बेटावरची आत्या, कोसमगुड्यातला काका

मला साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा मुलानं पुण्याहून एक खोकं पाठवलं. आत एक नळी होती आणि त्या नळीत थुंकायचं होतं. "आई, आयुष्यभर लोकांचे नमुने घेतलेस, आता एकदा स्वतःचा दे," असं तो फोनवर म्हणाला. नागपूरच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून उभा जन्म काढलेल्या बाईला हे पटण्यासारखं होतं. मी थुंकले, खोकं परत पाठवलं आणि विसरून गेले.

निकाल आला तो मोबाईलवर, रंगीत नकाशासकट. बरंचसं मध्य भारतातच होतं. पण जवळजवळ आठवा हिस्सा स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर आणि थोडा नॉर्वेच्या किनाऱ्यावर रंगवलेला. मुलगा फोनवर खिदळत सुटला. "आई, तू व्हायकिंग निघालीस! लुटायला कधी निघायचं?"

मला हसू आलं नाही. मला बाबांचे डोळे आठवले. बाबांचे डोळे घारे, त्यांची धाकटी बहीण शेवंताआत्या, तिचेही घारे. चंद्रपूरजवळच्या मूल गावच्या शाळेत दोघांना पोरं मांजराचे आवाज काढून दाखवायची. आणि बाबांची आई, म्हणजे माझी आजी, ही तीन-चार वर्षांची असताना परक्या घरी दिलेली, 'जंगलातून आणलेली' होती. एवढंच आम्हाला ठाऊक. त्याच्यापुढे विचारलं की घरातली मोठी माणसं काहीतरी काम काढून उठून जात.

त्या संकेतस्थळावर नातेवाईकही दाखवतात. माझ्या यादीत सगळ्यात वर मार्गारेट नावाची एक बाई होती. ऑर्कनी नावाच्या बेटावर राहणारी, मेंढ्या पाळणारी, बहात्तर वर्षांची. मी भीतभीत निरोप टाकला. दुसऱ्या दिवशी तिचं लांबलचक उत्तर हजर! तिच्या आजोबांचा थोरला भाऊ जॉन तरुणपणी सागवानाच्या ठेकेदाराकडे नोकरीला हिंदुस्थानात आला होता. काही वर्षांनी तापानं खंगून परत गेला. पुढे लग्न केलं नाही. रक्ताचा हिशेब त्याच्याशीच जुळत होता: जॉन माझा पणजोबा.

मार्गारेटनं आमचा वंशवृक्ष मांडला. तिच्या बाजूला नावांवर नावं चढत गेली, पार नॉर्वेहून होड्या घेऊन त्या बेटांवर उतरलेल्या माणसांच्या काळाजवळ. माझ्या बाजूला जॉनच्या शेजारी एक रिकामा चौकोन होता. आत लिहिलं होतं 'अज्ञात'. जंगलातल्या गावांतून कोणी नळीत थुंकून परदेशात पाठवत नाही. ही बाजू घरबसल्या सापडणार नव्हती, जावंच लागणार होतं. मी तसं लिहिलं. मार्गारेटचं उत्तर आलं, "एकटी जाऊ नकोस. मी येते."

वरोरा

जानेवारीच्या थंडीत ती नागपूरला उतरली. उंच, पांढऱ्या केसांची, हातांची बोटं आपल्याकडच्या निंदणाऱ्या बायांसारखी राठ. आम्ही सगळे स्वेटर घालून, ती अर्ध्या बाह्यांत, आणि तरी वहीनं वारा घेत होती. आमच्या गाडीचा ड्रायव्हर दिलीपभाऊ चंद्रपूरचा. त्यानं तिला आरशातून नीट पाहून घेतलं आणि मला हळूच म्हणाला, "ताई, ह्या बाईले थंडी नाई वाजत का?"

वरोऱ्याला आलुबोंडा खायला थांबलो. रस्त्यावरून कापसानं गच्च भरलेल्या गाड्या जात होत्या. मार्गारेटनं खाली पडलेलं एक बोंड उचललं, बोटांनी पिंजून पाहिलं आणि म्हणाली, "मेंढीवाचून लोकर!" मग तिनं विचारलं, आपल्या नात्याला तुमच्यात काय म्हणतात? मी बोटांवर मोजलं. ती आणि बाबा चुलत-चुलत भावंडं. "म्हणजे तुम्ही माझ्या आत्या." तिनं तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. आपल्याकडे भाचीचं नाव आत्या ठेवते हे सांगितल्यावर तर ती खूशच झाली. "साठ वर्षं उशीर झाला," म्हणाली.

चंद्रपूर मागे पडल्यावर मात्र ती जॉनबद्दल बोलू लागली. "आमच्या घरात जॉनची आठवण चांगलीच आहे. मुलांना खांद्यावर घेऊन फिरणारा म्हातारा. पण इथं तो साहेब होता आणि ती जंगलातली मुलगी. इथले लोक त्याला काय म्हणतात, ते ऐकायची तयारी करून आले आहे मी. पण भीती वाटतेय."

माझी भीती वेगळी होती. तीन-चार वर्षांची पोर जे गाव परक्याच्या हाती देतं, त्या गावाला साठीची नात दारात आलेली आवडेल का?

मूल

शेवंताआत्याचं घर भाताच्या गिरण्यांच्या मागे आहे. ओसरीवर बुद्धाची मूर्ती, खाली पोत्यांची थप्पी, सगळीकडे कोंड्याचा गोडसर वास. आत्या चौऱ्याऐंशीची. घोंगडी पांघरून बसली होती. मार्गारेट समोर बसली आणि दोघी एकमेकींच्या डोळ्यांकडेच बघत राहिल्या. तोच रंग. मी दवाखान्यात कितीतरी जुळी पाहिली आहेत, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

जेवायला भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी होती. मार्गारेटला चटणी झेपणार नाही म्हणून आत्याच्या सुनेनं ती लांब ठेवली, तर हिनं हात लांब करून ओढून घेतली. जेवणं झाल्यावर मी विषय काढला. आत्यानं मान फिरवली.

"कायले उकरून राह्यली व तू ते? झालं गेलं."

"आत्या, आजीच्या आईचं नाव तरी?"

आत्या घोंगडी सारखी करत म्हणाली, "शाळेत माह्यं नाव शेवंता. पन माय मले घरी जैनीच म्हने. तिच्या मायचं नाव होतं थे. मायले दुसरं काई याद नोयतं. तहान लागली का पानी नाई म्हने, 'येर' म्हने. अन् हे एक नाव."

या झाडीबोलीतलं अक्षरही मार्गारेटला कळत नव्हतं. पण ती एकदम ताठ बसली. "काय म्हणाल्या त्या? परत म्हणायला सांग. ते नाव."

"जैनी," आत्या म्हणाली.

मार्गारेटनं तोंडावर हात ठेवला. मग सांगू लागली. जॉन परत गेल्यावर त्यानं एक होडी घेतली होती, मासेमारीची. तिच्यावर स्वतःच्या हातानं नाव रंगवलं होतं. त्यांच्याकडे 'जीनी' हे बायकांचं नेहमीचं नाव, पण म्हाताऱ्यानं अक्षरं वेगळी काढलेली. गावातली पोरं हसायची, जॉनला स्वतःच्या होडीचं नाव लिहिता येत नाही म्हणून. कोणी सांगितलं तरी त्यानं ते बदललं नाही. दरवर्षी नव्या रंगानं तेच गिरवायचा. "आम्ही सगळे त्याला अडाणी समजलो," मार्गारेट म्हणाली. "जैनी. त्यानं बरोबर लिहिलं होतं."

मी हे आत्याला सांगितलं. तिनं ऐकलं, पण चेहरा उजळला नाही. "त्यानं याद ठेवली, बरं झालं. पन मायच्या गावानं नाई ठेवली. बांबूच्या गाडीवाल्याले देऊन देल्ली. माय मरेवरी म्हने, मले मायाच लोकायनं टाकलं. गावाचं नाव मले मालूम हाये, कोसमगुडा. आलापल्लीच्या पलीकडं. मी कधी गेली नाई. काऊन जावाचं? ज्यायनं टाकलं त्यायच्याकडं?"

निघताना ती एवढंच म्हणाली, "तू जाऊन ये. मले सांगू नको."

आलापल्ली

दुसऱ्या दिवशी आलापल्लीचा बाजार लागला. एका कोपऱ्यात वाळलेल्या मासोळीचे ढीग होते. मी नाकाला पदर लावला आणि मार्गारेट मात्र त्या वासामागे ओढल्यासारखी निघाली. तिच्या आजीच्या घराच्या भिंतीवर असेच मासे वाळत टाकलेले असायचे म्हणे. विकणाऱ्या बाईनं एक तुकडा दिला तो तिनं तिथंच उभ्यानं चघळला. बाई हसून लोटपोट झाली. "खा, बाई, खा! तुमच्या गावी नाई भेटत का?"

पुढचा रस्ता सागवानातून जातो. सरळ, उंच, पानं झडत आलेली झाडं. मी दिलीपभाऊला व्हायकिंगांची गोष्ट सांगत होते, मुलाच्या तोंडून ऐकलेली, लुटालूट आणि जाळपोळ. मार्गारेटला त्यातला एक शब्द कळला आणि तिनं मला थांबवलं. "कुऱ्हाडी घेऊन आले हे खरं आहे. पण ते थांबले, जमीन नांगरली, तिथल्याच बायकांबरोबर संसार केले. आम्ही त्या घरांतले. कुऱ्हाडीचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, नांगराचं नाही."

मी ते दिलीपभाऊला मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "मंग आपल्यावानीच हाये."

कोसमगुडा

गावाच्या अलीकडे एक नाला आडवा येतो. पाणी घोटाभर, पण खाली वाळू. आमची गाडी मध्यावर रुतली ती रुतलीच. दिलीपभाऊ चाकाखाली फांद्या घालत होता आणि मार्गारेट बाह्या सारून मागून ढकलायला उतरली. गाडी झटक्यात पुढे गेली आणि आमची व्हायकिंग पाण्यात तोंडावर पडली.

काठावर पाणी भरणाऱ्या बाया होत्या. त्यांचं हसू थांबेना. मार्गारेट वाळू पुसत उठली आणि तीही हसू लागली. त्यांच्यातली एक पुढे आली. मराठीत म्हणाली, "चला घरी, कपडे बदला, नाईतर ताप येईन." तिचं नाव सुमन, गावची अंगणवाडी सेविका. तिनं मार्गारेटला आपलं लुगडं नेसवलं. ते जेमतेम पोटऱ्यांपर्यंत पोचलं. अशा थाटात आम्ही कोसमगुड्यात शिरलो. मनातल्या मनात मी आठवडाभर जी ओळख करून द्यायची घोकत होते, ती सगळी विसरले.

सुमनचा सासरा सैनूबाबा मडावी अंगणात शेकोटीजवळ बसून बांबूची पाटी विणत होता. ऐंशीच्या घरातला, बारीक, ताठ. "जोहार," तो म्हणाला. आम्हीही जोहार केला. सुमननं कढत जावा दिला, तांदळाच्या कण्यांची पातळ पेज. नाल्यातल्या गारठ्यानंतर अमृत होती ती. मग मी विचारलं, "बाबा, या गावात जैनी नावाची कोणी होती का? फार जुनी गोष्ट. एक गोरा साहेब होता तेव्हाची."

त्याचे हात थांबले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मार्गारेटच्या डोळ्यांत. सुमनला गोंडीत काहीतरी म्हणाला.

"ते विचारून राह्यले, ते पोरगी जगली का?" सुमन म्हणाली.

मी मान हलवली. मग सांगितलं की जगली, तिला दोन मुलं झाली, मी तिची नात. म्हाताऱ्यानं पाटी बाजूला ठेवली आणि तोंडावरून हात फिरवला.

पुढचं त्यानं गोंडीत सांगितलं, मध्येच मोडक्या मराठीत, आणि सुमननं जोडून दिलं. जैनी ही त्याच्या आजोबाची, कन्नाची, बहीण; म्हणजे हा नात्यानं माझा काका. नदीकाठी साहेबाचा तळ होता. जैनी त्याच्याकडे राहायला गेली तेव्हा गाव बसलं, बोलणं झालं, साहेबानं रीतीप्रमाणे गावजेवण दिलं.

"लगन लागलं होतं," सैनूबाबा स्वतः म्हणाला. "गाव जेवलं."

मी हे मार्गारेटला सांगितलं. तिनं माझा दंड धरला तो सोडला नाही. म्हाताऱ्याला ते दिसलं असावं, कारण तो पुढे म्हणाला, "मानूस वाईट नोयता. काम वाईट होतं. झाडं आमची, कुऱ्हाड त्याची." हेही मी जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "हो. हेसुद्धा ऐकायला हवं होतं."

मग साहेबाला ताप आला. शुद्ध गेली तशी त्याला बैलगाडीत बांधून चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला नेलं. जैनी बरोबर निघाली होती, तिला गाडीत घेतलं नाही. तो परत आला नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात गावात हगवण पसरली. पोरं रोज जात होती. कन्नाची स्वतःची दोन गेली, मग जैनी गेली. तिची मुलगी तेवढी उरली. बांबू न्यायला मूलचा एक गाडीवान यायचा, भला माणूस, घरी मूलबाळ नव्हतं. कन्नानं भाचीला त्याच्या गाडीत बसवलं.

"टाकली नाई," सैनूबाबा म्हणाला. मराठीतच म्हणाला, मला नीट कळावं म्हणून. "जगावी म्हून पाठवली. इथी राह्यली असती तं मेली असती."

"मग कोणी कधी भेटायला का नाही आलं?" हा प्रश्न माझ्या तोंडून जरा तिखट निघाला. मूलच्या ओसरीवरची आत्या डोळ्यांसमोर होती.

सुमननं विचारलं. म्हाताऱ्याचं उत्तर तिनं मराठीत सांगितलं. "आला होता म्हनते. पुढच्या साली कन्ना आजा पायी गेला मूलले. घर शोधून काहाडलं. पोरगी दारात खेलून राह्यली होती, अंगात नवं झंपर, हातात मुरमुरे. त्यानं झाडामागून पाह्यलं. आवाज देल्ला तं रडन, मागं लागन. म्हून आवाज नाई देल्ला. पाहून वापस आला. मरेवरी सांगे, भाची खाऊन-पिऊन सुखी हाये."

शेकोटीत लाकूड तडतडत होतं. मला बाबांची फार आठवण आली. त्यांनी हे ऐकायला हवं होतं.

मार्गारेटच्या पिशवीत एक जादा नळी होती. तिनं ती काढली आणि माझ्यामार्फत विचारलं, बाबा थुंकतील का, म्हणजे पक्कं कळेल. सैनूबाबानं नळी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. थुंकी, केस, नखं बाहेरच्या माणसाला देत नाहीत, असं तो म्हणाला.

"आम्ही तर घरच्या ना, बाबा?" मी म्हणाले.

"घरच्यायले कायले पाह्यजे मंग?"

सगळं अंगण हसलं. मी क्षणभर खट्टू झाले, खोटं कशाला बोलू? शास्त्राच्या खात्रीची सवय लागली होती. पण जैनी हे नाव आणि ती होडी दोन्ही खरी होती, आणि समोर बसलेल्या माणसानं ते नाव ऐकताच विचारलं होतं की पोरगी जगली का. मी मार्गारेटला नळी आत ठेवायला सांगितली. वंशवृक्षातला चौकोन आम्ही तिथं नाही, पण परत आल्यावर भरला.

दुपारी सैनूबाबा आम्हाला गावाबाहेर घेऊन गेला. मोहाच्या झाडांखाली उभे दगड होते, काही माणसाहून उंच, काही गुडघ्याएवढे. त्यांच्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं दगड उभा करतात. जैनीचा दगड बेताचाच. रोगराईच्या दिवसांत ओढून आणायला माणसं नव्हती, कन्नानं एकट्यानं आणला होता.

मार्गारेट त्या दगडांच्या मध्ये उभी राहिली आणि तिनं चहूकडे पाहिलं. "आमच्या बेटावरही आहेत असे. शेतात, मेंढ्या चरतात त्यांच्याभोवती. पण ते कोणाचे हे आम्हाला कोणाला माहीत नाही. व्हायकिंग आले तेव्हाही कोणाला माहीत नव्हतं. तुम्हाला मात्र प्रत्येकाचं नाव ठाऊक आहे." सैनूबाबानं दगडापुढे तांदूळ ठेवले, पानाच्या द्रोणातून मोहाची दारू ओतली आणि द्रोण तिच्या हाती दिला. तिनंही ओतली. ओतताना म्हणाली, "जॉनकडून." मग होडीची हकीकत सांगितली. म्हाताऱ्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, त्या होडीतून काय धरत होता साहेब?

"खेकडे," मार्गारेटचं उत्तर मी सांगितलं.

तो समाधानानं हसला. "खेकडे तं आमी बी धरतो."

रात्री भात, कोंबडीचा रस्सा आणि लाल मुंग्यांची आंबट चटणी होती. मार्गारेटनं दोनदा घेतली. सकाळी निघताना सुमननं पळसाच्या पानांत बांधलेलं एक गाठोडं माझ्या हातात दिलं. नवे तांदूळ होते, मोहफुलं आणि चारोळी. मी नको नको म्हणू लागले तर ती रागावली. "बाबा म्हनते, पोरगी घरून जाते तं रिकाम्या हातानं नाई पाठवत. ते तवा गेली होती तं घरात द्याले काहीच नोयतं. हे तिच्या पोरीले द्या."

पुन्हा मूल

'मले सांगू नको' असं आत्या म्हणाली होती. मी तिच्यापुढे बसले आणि सांगितलं. हगवणीचं सांगितलं, गाडीवानाचं सांगितलं. कन्नाचं सांगताना तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"झाडामागं?"

"हो. बोलला नाही. तू रडशील म्हणून... म्हणजे आजी रडेल म्हणून."

"इथी आला होता? ह्या मूलले?"

"पायी आला होता, आत्या."

ती अंगणापलीकडच्या रस्त्याकडे बघत राहिली. मार्गारेट तिच्या शेजारी जाऊन बसली. मी गाठोडं आत्याच्या मांडीवर ठेवलं. तिनं गाठ सोडली, मूठभर मोहफुलं हुंगली, चारोळी बोटांत घेऊन पाहिली. मग सुनेला हाक मारून भात टाकायला सांगितला, त्याच तांदळाचा.

तेवढ्यात शेजारची बाई डोकावली. ओसरीवर गोरी पाहुणी, पळसाची पानं पसरलेली, आत्याचे डोळे ओले. "काय आनलं व शेवंताबाई? कुठून आलं हे सारं?"

आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि गाठोडं पुढे करून दाखवलं.

"माह्या मायच्या माहेरून," ती म्हणाली.